एक चूक वगळता

नाना, शनिवारी दुपारी संघाच्या शेडमध्ये तुमची शोकसभा झाली, आणि तिथंही तुम्ही मला हरवलंत. माणूस जाऊन नऊ दिवस झाले तरी त्याचा हेका काही जात नाही. सभा संपल्यापासून मला एका जागी बसवत नाही. हे लिहायला सकाळी बसलो, तेवढ्यात चारदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा खिडकी लावायला, एकदा तीच खिडकी उघडायला, आणि एकदा उगीचच. शेवटी आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली, "तुमना मनमा काय शे? बठा ना एक जागावर!" तिची अहिराणी ऐकली की तुम्ही हटकून म्हणायचा, "चिटणीस, तुमच्या घरात गेलं की मला थेट शिंदखेड्याला गेल्यासारखं वाटतं, तिकीट न काढता." मी हसायचो. आज तेही आठवून चिडचिड होते.

माझं तुमच्याशी भांडण आहे, नाना. ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात. तीन वर्षं मी विषय काढायचा आणि तुम्ही तपकिरीची डबी काढायची. नाकात चिमूट गेली की शिंका, आणि शिंकांमधून बाहेर येईपर्यंत तुमचं बोलणं पावसापाण्यावर गेलेलं असायचं. आता तरी ऐकून घ्या. मध्ये बोलायची तुमची सवय आता चालायची नाही.

मी रावेरला आलो तेव्हा स्वातंत्र्य नवं होतं आणि आपला केळी संघ त्याहून नवा. मी शिंदखेड्याकडचा, कापूस आणि भुईमूग पाहिलेला माणूस. तुम्ही पहिल्याच भेटीत विचारलंत, "केळीतलं काय समजतं?" मी म्हटलं, "सोलून खातात एवढं." तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. "झालं तर! केळीतलं समजणारे इथं घरटी चार आहेत. मला सरळ अक्षरात अर्ज लिहिणारा माणूस पाहिजे." त्या दिवसापासून आठ वर्षं तुम्ही अध्यक्ष होता आणि मी तुमचा चिटणीस. आपण रोज भांडलो. अर्जात 'विनंती' लिहायचं की 'मागणी', यावर एकदा आपण अख्खी दुपार घालवली होती. 'मागणी' लिहिलं गेलं, हे सांगायला नकोच.

आणि ती चिठ्ठी. ती तुमची कल्पना, आणि खरं सांगतो, मला ती फार आवडायची. हिरवा घड कापला की त्याला थांबणं माहीत नसतं. कापला, गाडीत घातला, स्टेशनावर नेला, पाल्यात नीट रचून डब्यात भरला की तो दिल्लीपर्यंत हिरवा जातो. डबा नसेल तर आपल्या उन्हात तो जागच्या जागी पिवळा होतो. म्हणून तुम्ही नियम घातलात. मालडबा स्टेशनात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणी कोयता लावायचा नाही. डबा लागला की कोणाच्या बागेची पाळी, त्याचं नाव घालून चिठ्ठी जाईल, खाली अध्यक्षांची सही असेल, आणि शिपाई सायकलवरून ती गावोगाव पोचवील. आधी आडत्याच्या माणसाच्या तोंडी निरोपावर बागा कापणारे लोक तुमच्या कागदावर कापायला लागले. ज्यांना वाचता येत नव्हतं ते सहीचा फराटा ओळखायचे. तोताराम भाऊ तर चिठ्ठी आधी कपाळाला लावायचे आणि मग कोयत्याला धार.

तुम्ही जळगावला मीटिंगला जाताना पाच-सहा कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून माझ्या टेबलाच्या खणात ठेवून जायचा. डबा अवचित लागला तर खोळंबा नको म्हणून. मी एकदा म्हटलं होतं, हे बरोबर नाही, नाना. तुम्ही म्हणालात, "तुमच्यावर विश्वास नाही का माझा?" मी खण लावून घेतला.

तीन वर्षांपूर्वी अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, दोन दिवसांवर होती. आपल्याकडे आखाजीला मजूर विळ्याला हात लावत नाहीत, हे मी तुम्हाला काय सांगावं. माझी सुमन सासरी गेल्यावरची ही पहिलीच आखाजी. ती शिंदखेड्याला माझ्या आईकडे यायची होती, आणि ही आधीच तिकडे गेली होती. दुपारची गाडी चुकली असती तर सुरतेकडची पुढची गाडी मिळून मी पोचेपर्यंत सण उलटून गेला असता. सकाळी मी स्टेशनावर गेलो. तिथले बाबू म्हणाले, "डबे उद्या लागतील बहुतेक." तुम्ही जळगावला होता. डबे उद्या लागले असते तर चिठ्ठ्या लिहायला मी नसतो, चिठ्ठ्या गेल्या नसत्या तर आखाजीआधी कापणी झाली नसती, आणि मी थांबलो असतो तर माझी लेक अंगणात वाट बघत बसली असती. मी ऑफिसात आलो. खण उघडला. तीन गावांत ज्यांची पाळी होती त्यांची नावं घातली. 'डबे लागले आहेत' असं लिहिलं. लागतील नाही, बहुतेक नाही. लागले आहेत. शिपायाच्या हातात चिठ्ठ्या दिल्या आणि पिशवी उचलून गाडीत बसलो. जळगावला गाडी बदलली आणि पुढं मला गाढ झोप लागली. हेही सांगून टाकतो.

पुढचं मी पाहिलं नाही. लोकांनी सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन गावांच्या गाड्या स्टेशनाच्या आवारात येऊन उभ्या राहिल्या. घडांचे ढीग लागले. रूळ रिकामे. तुम्ही दुपारच्या पॅसेंजरनं जळगावहून उतरलात. अंगावर मीटिंगचा कोट होता, म्हणे, आणि हातात नातीसाठी घेतलेल्या बांगड्या. तोताराम भाऊ चिठ्ठी नाचवत तुमच्यासमोर आले. "नाना, डबे कुठं हाये?" तुम्ही चिठ्ठी हातात घेतलीत. माझं अक्षर तुम्ही आठ वर्षं रोज बघत होता. तुम्ही चिठ्ठी घडी करून खिशात ठेवलीत आणि म्हणालात, "सही माझी हाये. चूक बी माझी. मी जळगावहून निरोप धाडला होता."

आखाजीच्या दिवशी घड पिवळे पडायला लागले. तुम्ही गाड्या जुंपायला लावल्यात आणि केळी गावोगाव वाटलीत. माहेरवाशिणींच्या ओट्या केळ्यांनी भरल्या. त्या दिवशी रावेरात म्हशींनीसुद्धा केळी खाल्ली. डबे आले ते चौथ्या दिवशी. मी परतलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं, आणि स्टेशनातून बाहेर पडताना टांगेवाला मला म्हणाला, "तुमी गावात नव्हते तेच बरं झालं, चिटणीस. तुमच्या नानानं पार वाटोळं केलं."

मी तसाच तुमच्या बागेत आलो. तुम्ही पाटाचं पाणी वळवत होता. मी म्हटलं, मी आत्ता जाऊन सांगतो सगळ्यांना. तुम्ही फावडं खाली ठेवलं नाहीत. "काय सांगाल?" "खरं ते सांगेन." "मग लोक काय म्हणतील? अध्यक्षाची सही असलेली चिठ्ठी अध्यक्षाला ठाऊक नसताना येऊ शकते. पुढच्या चिठ्ठीवर कोणी कोयता लावील? चिटणीस, मी चुकलो म्हटलं तर लोक मला काढतील. तुम्ही पाठवली म्हटलं तर चिठ्ठीच संपली. आडते फाटकाबाहेर उभेच आहेत." मी म्हटलं, खोट्यावर संघ उभा करणार का? तुम्ही म्हणालात, "तुम्हाला पापाची भीती, मला पिकलेल्या केळ्यांची. माझी आधी." आणि मग पाण्याकडं बघत विचारलंत, "सुमन आली होती ना?" मी हो म्हटलं. "मग जा घरी."

इथं मी रडलो, नाना. तुम्हाला ते दिसलं नाही असं तुम्ही दाखवलंत. तेव्हा मला वाटलं, देवमाणूस. महिन्याभरात सभेनं तुमचा राजीनामा घेतला. घेतला म्हणजे तुम्ही तो माझ्याकडूनच लिहून घेतलात, मुद्दाम माझ्याकडूनच. 'माझ्या हातून घडलेल्या चुकीमुळे' हे शब्द मी लिहीत होतो आणि तुम्ही शेजारी बसून शुद्धलेखन तपासत होता. त्या दिवशी मात्र मला तुमचा राग आला. तो अजून गेलेला नाही. तुम्ही मला वाचवलंत की गप्प बसवलंत? विचारलं कधी, की चिटणीस, तुम्हाला हे पेलेल का? त्यागाची हौस होती तुम्हाला. लोक म्हणायचे, नाना साधा माणूस. मी म्हणतो, साधा कसला! स्वतःच ठरवायचं, स्वतःच सोसायचं, आणि दुसऱ्याच्या वाट्याला नुसतं ऋण ठेवायचं. आणि माझंही काय? एकदा तरी उठून बोललो का मी? नोकरी होती. घर होतं. तुमचा शब्द होता, आणि तो फार सोयीचा होता. माझ्या रागातला अर्धा माझ्यावरच आहे, हे कळत नाही इतका मी भोळा नाही.

संघ टिकला. ते तुमचं खरं झालं. आज दिल्लीला जाणारे डबे मोजायचे तर बोटं पुरत नाहीत, आणि चिठ्ठी अजून चालते. पण तुमचं काय राहिलं? एक म्हण राहिली. येणार येणार म्हणून न येणाऱ्या कुठल्याही गोष्टीला रावेरात लोक 'नानांचा डबा' म्हणतात. उशिरा येणारा नवरदेव म्हणजे नानांचा डबा. परवा-परवापर्यंत, महाराष्ट्र वेगळा होणार होणार म्हणतात तोसुद्धा चहाच्या दुकानात नानांचा डबाच. एकदा बाजारात आपण दोघं चाललो होतो. तुमची नात आईकडं रिबिनीसाठी हट्ट करत होती. आई म्हणाली, पुढच्या बाजारी घेऊ. पोरीनं पाय आपटले. "तुझी रिबीन म्हंजी नानांचा डबा!" तिला काय ठाऊक, ते नाना म्हणजे तिचाच आजा. तिची आई तोंडावर पदर धरून मेल्यागत उभी राहिली. तुम्ही पोरीला कडेवर घेऊन रिबीन घेतलीत, लाल आणि पिवळी दोन्ही. मग मला म्हणालात, "लोकांच्या तोंडी आपलं नाव राहिलं, चिटणीस. आणखी काय पाहिजे?" तुमचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मी तेव्हा ओरडायला हवं होतं, भर बाजारात. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

तुम्ही गेलात त्याच्या चौथ्या दिवशी नव्या अध्यक्षांनी मला बोलावलं. शोकप्रस्ताव लिहायचा होता. त्यांचा हेतू चांगला होता, माणूसही वाईट नाही. ते सांगत गेले आणि मी उतरवत गेलो. संघाची स्थापना, शेड, शाळेला दिलेली जागा, शेतकऱ्याला दिलेली मान वर करण्याची ताकद. आणि मग ते म्हणाले, "लिहा, 'एक चूक वगळता त्यांची कारकीर्द निष्कलंक होती.'" माझी लेखणी थांबली. ते म्हणाले, "जड वाटतंय का? पण लोकांना ठाऊक आहेच. लिहिलं नाही तर लबाडी दिसेल." लबाडी! मी वही मिटली आणि म्हटलं, सभेत मी वाचेन, माझ्या शब्दांत.

शनिवारी शेड भरली होती. ऐनपूरपासून लोक आले होते. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, नाना. खण, कोऱ्या चिठ्ठ्या, स्टेशनावरचं 'बहुतेक', माझी गाडी, माझी झोप. एक शब्द गाळला नाही. सांगून झालं तरी कागद हातात धरून उभाच होतो. वाटलं, आता कोणी उठून माझी गचांडी धरील. मला तेच हवं होतं.

तोताराम भाऊ उठले. सावकाश पुढं आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सभेकडं वळून म्हणाले, "पाह्यलं का? नाना म्हनले व्हते तसंच झालं." मग मला म्हणाले, "बसा, चिटणीस. नाना मले दोन वरीस आधीच बोलले व्हते का, मी गेल्यावर आपला चिटणीस उठीन आन माही चूक सोताच्या अंगावर घेईन. लई मायाळू मानूस हाये तो. त्याचं मनावर घेऊ नका. तुमी तर त्या दिसी गावातच नव्हते, भो." सभेत लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं. माझ्यासाठी! कोणीतरी म्हणालं, असा चिटणीस मिळायला भाग्य लागतं. मी ओरडलो, "अहो, खरं आहे हे!" जितका ओरडलो तितके ते हळवे झाले. नव्या अध्यक्षांनी हलकेच माझ्या हातातला कागद घेतला, आपला काढला, आणि 'एक चूक वगळता'सकट वाचून दाखवला. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मीसुद्धा उभा राहिलो.

केवढी ही तयारी, नाना! माझा खरेपणासुद्धा तुम्ही आधीच खोटा करून ठेवलात. कुठल्या दुपारी, कुठल्या बांधावर बसून तोताराम भाऊंना पढवलंत? मला हसूही येतं आणि तुमची तपकिरीची डबी विहिरीत फेकाविशी वाटते. इतका जीव लावायचं काही कारण नव्हतं माझ्यावर. मी काय केलं होतं तुमच्यासाठी? सरळ अक्षरात अर्ज लिहिले.

सभेतून मी थेट तुमच्या घरी गेलो. अक्का, तुमच्या मंडळी, ओसरीवर डाळ निवडत होत्या. बायका सभेला नव्हत्या, पण बातमी माझ्याआधी पोचली होती. अक्कांनी बस म्हटलं नाही, पाणी दिलं नाही. सूप बाजूला सारलं. "तुमी बोलले ते खरं हाये?"

"खरं आहे, अक्का."

"मले वाटलंच. त्यायच्या अंगात असली घाई नव्हती. जेवाले बसले तरी आधी ताट पाह्यत."

पहिल्यांदाच कोणी माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि मला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. पण अक्का बोलायला लागल्या. "तीन वरीस लोक हासले मह्या मानसाले. पानी भराले गेली तं बाया माह्याकडे पाह्यत आन गप होत. मी घरी येऊन त्यायले बोलायची, कायले धाडला निरोप? कायले? ते ऐकून घेत. मले बी नई सांगितलं त्यायनं. मी बी बोलली त्यायले, चिटणीसभाऊ. शेवटच्या महिन्यात बी बोलली. तुमी कुठं व्हते तवा?"

मी कुठं होतो? चार घरं पलीकडं होतो. आखाजीला सुमनला आणत होतो, पत्रं लिहीत होतो, तुमच्याबरोबर संध्याकाळी स्टेशनापर्यंत फिरायला जात होतो. मी अक्कांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले. "माफी मांगू नका. मह्याजवळ नई ती." मी म्हटलं, संघाच्या वहीत मी सगळं लिहून ठेवतो. अक्का म्हणाल्या, "वही कोन वाचतं? आन एक डाव सभेत सांगून मोकळे झाले का? लोक एक डाव हासले व्हते का? ते रोज हासले. तुमी बी रोज सांगा. ज्याच्या तोंडून त्यो डबा निघीन त्याले धरून सांगा. त्यायनी ऐकलं नई तं दुसऱ्या दिसी सांगा." मग त्यांनी सूप पुन्हा ओढलं आणि डाळीतून खडा काढून अंगणात फेकला.

म्हणून, नाना, तुमचा शब्द मी मोडला आहे. चिठ्ठीवरचा विश्वास जायचा तर जाऊ दे. मला वाटतं, आता जायचा नाही. गेला तर तेही माझ्या माथी. आडते, संघ, लोकांचं भलं, ही तुमची सगळी बाजू मी तीन वर्षं ऐकली. अक्कांची बाजू आपण दोघांनीही ऐकली नव्हती. तुम्ही माझं ओझं घेतलंत आणि अर्धं त्यांच्या डोक्यावर ठेवलंत, त्यांना न विचारता. हे तुम्हाला समजलं होतं का? समजलं असेल तर त्या शेवटच्या महिन्यात त्यांच्यासमोर तुम्ही कसे बसत होता? याचं उत्तर मला कोण देणार आता.

काल मी सुरुवात केली. वखारीपाशी एकाला सांगितलं, तो "हो हो" म्हणून माझी पाठ थोपटून गेला. न्हाव्याला सांगितलं, तो वस्तरा थांबवून हसला. चहाच्या दुकानात सांगितलं, तर दुकानदारानं माझ्या चहाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, मायाळू माणसाकडून घेत नाही. मी ते त्याच्या फळीवर आपटले. संध्याकाळी स्टेशनावर नव्यानं लागलेला एक हमाल भेटला, बऱ्हाणपूरकडचा. त्यानं तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, फक्त म्हण ऐकलेली. मी त्याला म्हटलं, तो डबा नानांचा नाही, माझा आहे. तो डोक्यावरची चुंबळ काढत म्हणाला, "म्हणजे कसं?"

नाना, मी त्याला बाकावर बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.